प्रशिक्षणाची तारीख शिवाराला विचारून ठरवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

निंबोळी अर्काचे, म्हणजे कडुनिंबाच्या बियांपासून करायच्या कीडनाशक फवाऱ्याचे, प्रात्यक्षिक फेब्रुवारी-मार्चमध्ये का होते? आपल्याकडे निंबोळ्या पिकून गळतात त्या जूनच्या आसपास. मार्चमध्ये कडुनिंबाला फार तर मोहोर असतो. मग सभागृहात विकतच्या पुडीतली पावडर बादलीत ढवळून दाखवली जाते, प्रमाणपत्रे वाटली जातात, फोटो निघतात. निंबोळी कशी वेचायची, गर कसा काढायचा, कुठे वाळवायची, किती महिने ठेवायची, यातले काहीही न पाहता शेतकरी घरी जातो. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडायचा असतो. शेतीचे प्रशिक्षण पिकाच्या तारखेने न चालता हिशेबाच्या तारखेने चालते आणि आमच्या मते त्याच्या अपयशाचे मूळ इथेच आहे.

पुण्याला शिकवणाऱ्यांची वानवा नाही. शिवाजीनगरला कृषी महाविद्यालय आहे, मधमाशी संशोधन व प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था शहरातच आहे, मांजरीला द्राक्ष आणि उसावर काम चालते, राजगुरुनगरला कांदा-लसणावर, तळेगाव दाभाड्याला काढणीनंतरच्या तंत्रावर. बारामती आणि नारायणगावला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. राज्याचे कृषी आयुक्तालयही इथलेच. अडचण वेळापत्रकात आहे. मावळ-मुळशीत भातखाचरात गुडघाभर चिखल असतो, तेव्हा इंदापूर-दौंडकडे बाजरी पावसाची वाट पाहत असते. एका जिल्ह्यातले हे दोन टोकाचे मुलूख. त्यांना एकाच आठवड्यात एकच विषय शिकवून भागत नाही.

निंबोळीचेच पुढे पाहू. पिवळी पडून गळलेली निंबोळी वेचायची, पाण्यात चोळून गर काढायचा, बी धुऊन सावलीत वाळवायचे आणि गोणपाटात, हवेशीर जागी ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवले की बी घाम धरते आणि बुरशीने काळे पडते. असे बी फेकून द्यावे. साठवलेले बी तीन ते आठ महिन्यांचे असताना वापरणे चांगले. म्हणजे यंदाच्या जूनची निंबोळी सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत कामाची. थोडक्यात ती रब्बीच्या हरभऱ्याची, खरिपाच्या पहिल्या फवारणीची नव्हे. ही एक गोष्ट उमगली तरी अर्धे काम होते.

पाच टक्के अर्कासाठी पाच किलो बी उखळात भरड कुटायचे, पिठासारखे बारीक करायचे नाही. बारीक भुकटी कापडातून उतरते आणि पंपाचे नोझल तुंबवते. रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी दुहेरी फडक्यातून पिळून दुधट पाणी काढायचे, चोथा पुन्हा थोड्या पाण्यात कालवून पुन्हा पिळायचा. दोनशे ग्रॅम साबण लिटरभर पाण्यात वेगळा विरघळवून त्यात मिसळायचा आणि सगळे मिळून शंभर लिटर करायचे. साबण नसेल तर थेंब पानावरून घरंगळून जातो. एकरी दोनशे लिटर पाणी धरले तर एका फवारणीला दहा किलो बी लागते, तीन फवारण्यांना तीस किलो. ज्याच्याकडे चार किलो बी आहे त्याने एकराचा बेत आखू नये. तो पातळ अर्क मारतो आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणतो.

फवारणी संध्याकाळी आणि अर्क केला त्याच दिवशी, कारण त्यातला कडू घटक उन्हात लवकर निकामी होतो. सगळ्यात मोठा गैरसमज मात्र पुढचा आहे. रासायनिक औषधाची सवय असलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेल्या अळ्या शोधतो. निंबोळी अर्क तसा मारत नाही. अळीचे खाणे मंदावते, कात टाकायचे चक्र बिघडते. फरक चार-पाच दिवसांनी पानावर दिसतो, तोही अळी लहान असेल तरच. बोटाएवढी झालेली हरभऱ्यावरची घाटेअळी त्याने आटोक्यात येत नाही. हे शेतात उभे राहून दाखवावे लागते. मीटरभर ओळीतल्या अळ्या फवारणीआधी मोजायच्या, पाच दिवसांनी त्याच ओळीत पुन्हा मोजायच्या. एक-दोन अळ्यांपाशीच सावध व्हायचे, पाच-सहा दिसू लागल्यावर नव्हे. म्हणजे या एका विषयाचे तीन वर्ग हवेत : जूनमध्ये वेचणीचा, ऑक्टोबरच्या अखेरीस कुटण्या-भिजवण्याचा आणि हरभरा फुलात आला की मोजणीचा. मार्चमध्ये एकही नको.

शेतीशाळेची मूळ कल्पना हीच होती. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांच्या प्रश्नावर ती सुरू झाली. पेरणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला त्याच शेतकऱ्यांनी त्याच शेतात जमायचे, ठरावीक झाडे बघायची, किडी आणि मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचे आणि फवारायचे की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे. आपल्या कृषी विभागाने ‘शेतीशाळा’ हे नाव घेतले, ते चांगलेच झाले. पण आठवड्यांची साखळी जिथे तुटते आणि तीन-चार वर्ग उरकून ती ‘पूर्ण’ दाखवली जाते, तिथे नावच उरते.

माती परीक्षणाचेही तसेच. नमुना घ्यायची वेळ रब्बी निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये. खत टाकून तीन महिने तरी झालेले असावेत. एकरात नागमोडी चालत आठ-दहा जागा घ्यायच्या, व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याशेजारची जागा टाळायची. सगळी माती घमेल्यात मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवायची. खताच्या रिकाम्या गोणीत ती कधीच भरू नये. वीस मिनिटांचे काम आहे. पण अहवाल हातात आल्यावर ‘सेंद्रिय कर्ब कमी’ या ओळीचे करायचे काय, हे सांगणारा दुसरा वर्ग होत नाही आणि कागद देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लटकतो.

आता तरुणांकडे येऊ. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या भातपट्ट्यात पेंढा घरचा आणि पुण्याची बाजारपेठ तासा-दोन तासांवर. त्यामुळे पेंढ्यावर वाढणाऱ्या धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) प्रशिक्षण तिथे लोकप्रिय आहे आणि तिथेच ते सर्वाधिक फसते. तीन दिवसांच्या वर्गात पेंढ्याची पिशवी भरायला शिकवतात. पिशवी बिघडते ती आठव्या-दहाव्या दिवशी. तेव्हा शिकवणारा कुठे असतो?

भातपेंढ्याचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून आठ-दहा तास भिजवायचे, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. बाहेर काढून निथळायचे. निथळले की नाही हे हातानेच कळते : पेंढा मुठीत घट्ट आवळा, तळवा ओलसर व्हायला हवा, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. ठिबकले तर पिशवीत हिरवी बुरशी येणार हे धरून चाला. पेंढा पूर्ण थंड झाल्याशिवाय स्पॉन, म्हणजे अळिंबीचे बियाणे, टाकू नये, गरम पेंढ्यात ते मरते. आणि पिशवी का वाढली नाही याचे उत्तर मग महिनाभर सापडत नाही. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या दोन टक्के स्पॉन, म्हणजे पाच किलो ओल्या पेंढ्याला शंभर ग्रॅम. स्पॉनच्या पाकिटावरची तारीख पाहावी. ते शुभ्र असावे, त्यावर हिरवी किंवा काळी झाक नको. थरावर थर देऊन पिशवी भरायची, तोंड बांधायचे, टाचणीने २५-३० भोके पाडायची आणि २५ अंशांच्या आसपास अंधाऱ्या खोलीत ठेवायची. पंधरा ते वीस दिवसांत आतला पेंढा पांढऱ्या जाळ्याने घट्ट बांधला गेला की प्लास्टिक काढायचे आणि हवेत ओल राखायची. भिंती-जमीन भिजवायची, पिशव्यांवर नुसता फवारा मारायचा, धार नव्हे. कळ्या दिसू लागल्यावर हवा खेळती हवी. कोंदट खोलीत देठ लांब आणि छत्री नाण्याएवढी राहते. पहिला तोडा निघाल्यावर आठ-दहा दिवसांच्या अंतराने आणखी दोन. सगळा फेरा दीड महिन्याच्या वर जातो.

इथे एक सूचना, जी फारशी कुणी देत नाही. ट्रायकोडर्मा ही बुरशी शेतात आपली मित्र. बीजप्रक्रियेला आणि शेणखतात मिसळायला आपण ती मुद्दाम आणतो. अळिंबीच्या पिशवीत जी हिरवी बुरशी पीक खाऊन टाकते, ती बहुधा ट्रायकोडर्माच असते. एकाच तरुणाला एकाच महिन्यात दोन्ही विषय शिकवले जातात आणि तो ट्रायकोडर्माची पाकिटे अळिंबीच्या खोलीतच ठेवतो. दोन्हींच्या जागा, भांडी आणि अंगावरचे कपडे वेगळे हवेत. दुसरी सूचना आरोग्याची. पिकलेल्या छत्रीतून पांढरी भुकटी उडते, बंद खोलीत तिने खोकला धरतो. छत्रीची कड पातळ होऊन वर वळायच्या आधीच तोडणी करावी आणि तोंडाला रुमाल असावाच.

विक्रीचे गणितही पिशवी भरतानाच करायचे. एक किलो वाळलेल्या पेंढ्यातून नवख्या हाताला अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी मिळेल असेच धरावे. प्रशिक्षणात सांगितलेला किलोचा आकडा अनुभवी माणसाचा असतो. ताजी अळिंबी बाहेरच्या उष्म्यात दिवसभरही नीट टिकत नाही. पन्नास पिशव्या एकाच दिवशी भरल्या तर सगळा तोडा एकदम येतो आणि ओळखीपाळखीत वाटावा लागतो. त्याऐवजी दर चार दिवसांनी पाच पिशव्या भरल्या तर रोज थोडा माल निघतो आणि दोन-तीन खानावळी किंवा भाजीवाले बांधून ठेवता येतात. पुणे परिसरात हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत सोपे जाते. पहिला धडा एप्रिलच्या उकाड्यात घेणे म्हणजे अपयशाची हमी.

वाळवणाच्या उद्योगातही आकड्यांकडे दुर्लक्ष होते. नारायणगावकडे टोमॅटोचे दर पडले की ‘पावडर का करत नाही?’ असे सगळेच विचारतात. हिशेब मांडून पाहा. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी. शंभर किलोतून सडका माल आणि देठ काढून ९५ किलो उरले, तर त्यात घन भाग ५.७ किलो. आठ टक्के ओलावा धरून पावडर भरते जेमतेम सव्वासहा किलो. टोमॅटो पाच रुपये किलोने घेतला तर पावडरीच्या किलोमागे नुसता कच्चा माल ८० रुपयांचा. दर पंधरावर गेला की तोच २४० रुपयांचा. मजुरी, वीज, पाकीट, दुकानदाराचा नफा अजून बाहेरच आहे. शिवाय जाळीच्या एका चौरस मीटरवर तीन-चार किलो चकत्याच मावतात आणि वाळायला दोन-तीन दिवस लागतात. दहा चौरस मीटरचा सौर वाळवणी संच शंभर किलोला आठवडा घेतो, तोवर उरलेले क्रेट पाणी सोडतात. पावसाळ्यात तर नुसत्या उन्हावर चालणारा संच बसूनच राहतो.

याचा अर्थ हा उद्योग करू नये असा नाही. टोमॅटो हा त्या संचाचा एका मोसमाचा पाहुणा आहे, वर्षभराचा आधार नव्हे, एवढेच. जानेवारीत मेथी, मग बीट, कांदा, शेवग्याचा पाला अशी बारा महिन्यांची रांग आधी कागदावर लागली पाहिजे. जी रांग बारामतीत लागेल ती जुन्नरला लागणार नाही. तंत्रातही एक खोच आहे. लवकर वाळावे म्हणून सुरुवातीलाच उष्णता वाढवली तर चकतीची वरची साल कडक होते आणि आतले पाणी आतच कोंडते. हाताला कोरडी लागते, पाकिटात गेल्यावर पंधरा दिवसांत बुरशी. चकत्या पाच-सहा मिलिमीटरच्या आणि एकसारख्या हव्यात. कटकन मोडेपर्यंत वाळल्या पाहिजेत, आणि गरम असताना कधीही पिशवीबंद करू नयेत, कारण आत दव धरते. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने स्वतःच्या हाताने चार वजने लिहून काढावीत : आणलेला माल, निवडून उरलेला, वाळलेला, पाकिटात गेलेला. ही चार वजने ज्याच्या वहीत आहेत त्याला किंमत ठरवता येते. ज्याच्या वहीत नाहीत तो शेजारच्या दुकानातल्या पाकिटाची किंमत बघून त्याच्यापेक्षा दोन रुपये कमी लावतो आणि सहा महिन्यांनी संच विकायला काढतो.

शेळीपालनाबद्दल एकच सांगतो. दहा शेळ्या आणि एक बोकड बंदिस्त ठेवायचे तर रोज प्रत्येकी चार किलो हिरवा चारा धरून ४४ किलो, वर्षाला १६ टन. म्हणजे पाण्याखालचे किमान दहा-बारा गुंठे संकरित नेपियर गवत, शिवाय सुका चारा वेगळा. चारा लावून पहिली कापणी यायला दोन-अडीच महिने जातात. बहुतेक ठिकाणी आधी शेड उभी राहते, मग शेळ्या येतात आणि मग चाऱ्याची शोधाशोध सुरू होते. क्रम उलटा करा. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर आणि पीपीआर या विषाणूजन्य रोगाची लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हे शेळ्या आणायच्या दिवशीच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

कर्ज आणि अनुदान हा तरुणांच्या सर्वाधिक जिव्हाळ्याचा विषय; म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेच्या रचनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी जोडलेले अनुदान आहे. ही रक्कम सुरुवातीला खर्चायला हातात मिळत नाही. ती बँकेत बाजूला राहते आणि उद्योग चालू, कर्ज नियमित असेल तर काही वर्षांनी कर्जात वळती होते. स्वतःचा किमान दहा टक्के हिस्सा आधी घालावा लागतो. प्रशिक्षणात ‘३५ टक्के माफ’ एवढेच कानावर पडते आणि पहिल्या हप्त्यालाच घरात वाद होतात. खेळत्या भांडवलाबद्दल तर कुणी बोलतच नाही. रोज शंभर किलो कच्चा माल दहा रुपयांनी घेतला आणि दुकानदार महिन्याने पैसे देणार असेल, तर ३० हजार रुपये नुसत्या मालातच अडकतात. नकललेल्या प्रकल्प अहवालात यंत्राची किंमत पैशापर्यंत असते आणि ही ओळ नसते. बँकेने कर्ज नाकारले म्हणून रागावण्याआधी तो अहवाल स्वतः लिहिला होता का, हे तरुणांनी पाहावे. आणि तो लिहायला शिकवण्यासाठी दोन दिवस राखून ठेवले होते का, हे प्रशिक्षण देणाऱ्यांनी.

कायद्याची माहितीही पहिल्याच आठवड्यात द्यायला हवी. निंबोळी अर्क स्वतःच्या शेतात मारायला कुणाची परवानगी लागत नाही. पण बाटलीत भरून कीडनाशक म्हणून विकायचा तर कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदणी लागते. गांडूळ खत गोणीत भरून विकायचे तर खत नियंत्रण आदेश, १९८५ ची मानके पाळावी लागतात : ओलावा १५ ते २५ टक्के, चार मिलिमीटरच्या चाळणीतून किमान ९० टक्के खत पडले पाहिजे. वजन भरावे म्हणून ओले खत गोणीत कोंबणारे पुष्कळ आहेत. ते खत आतून तापते, वास मारते आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

चांगल्या रचनेची उदाहरणे सरकारी चौकटीतच आहेत. २००२ पासून चालू असलेल्या कृषी चिकित्सालय योजनेत कृषी पदवीधरांना ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण मिळते. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये, म्हणजे आरसेटीमध्ये, प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा करायची तरतूद आहे. हीच तरतूद शेतीच्या प्रत्येक प्रशिक्षणाला लावावी. एका तुकडीत साठ-सत्तर जणांऐवजी वीस-पंचवीस घ्यावेत आणि त्यांना एकाच विषयासाठी वर्षातून सहा-सात वेळा बोलवावे. बायकांना शेळ्या, वाळवण, निंबोळी वेचणी हे विषय द्यायचे आणि वर्ग दुपारी तीनला तालुक्याच्या गावी ठेवायचा, हेही थांबवावे. धार काढायच्या वेळेला त्यांना घरी असावे लागते. वर्ग गावातच, अकरा ते दोन असा घ्या, मग हजेरी बघा.

जिल्हा प्रशासनाकडे आणि कृषी विभागाकडे मागणी अशी आहे. मेअखेर प्रत्येक तालुक्याने पुढच्या बारा महिन्यांचे प्रशिक्षणाचे वेळापत्रक पिकांच्या अवस्थेप्रमाणे जाहीर करावे आणि त्यासाठीचा निधी त्या तारखांना मिळेल अशी मंजुरी आधीच घ्यावी. ज्या वर्गात झाड, जनावर, पिशवी किंवा जाळी प्रत्यक्ष समोर नसेल तो वर्ग झाला असे धरू नये. आणि प्रत्येक तुकडीचा अहवाल दोनदा लिहावा : एकदा वर्ग संपल्यावर आणि दुसऱ्यांदा बरोबर एक वर्षाने. दुसऱ्या अहवालात हजेरीचा आकडा नको. किती जणांनी काम सुरू केले, किती जणांचे चालू आहे, ज्यांचे बंद पडले त्यांचे कोणत्या पायरीवर आणि कशामुळे, एवढेच असावे. हा दुसरा अहवाल तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावावा, म्हणजे पुढच्या तुकडीत नाव नोंदवायला आलेला माणूस तो आधी वाचेल.

आपले विश्वासू,
शेती प्रशिक्षणाच्या कामातील काही कार्यकर्ते, पुणे